कुंपण बंद करण्यापूर्वी

गाई विकल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी
बाबांनी टेबलावर अर्ज ठेवला, अठ्ठावीस पानी,
आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

नाव: रेइनो लाह्तेला. वय: अठ्ठ्याहत्तर.
पत्ता: सुपीरियर सरोवरापासून अकरा मैल दक्षिणेला.
जमीन: चाळीस एकर, पैकी नऊ दलदल,
"उरलेले दगड," असं ते म्हणाले
आणि मी लिहिलं नाही.

कुंपण आठ फूट उंच हवं.
जाळी जमिनीला टेकलेली, मूठ जाईल एवढीही फट नको.
फाटकं दोन, एकामागे एक, दोन्हींना कुलूप.
प्रत्येक कानात बिल्ला, प्रत्येक बिल्ल्याचा आकडा वहीत.
जनावर मेलं तर चोवीस तासांत कळवा,
डोकं प्रयोगशाळेत पाठवा.
"आणि धड?" बाबांनी विचारलं.
धडाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

हेतू. एकाच चौकोनात खूण करा:
मांस, पैदास, शिंगं, शिकार, प्रदर्शन.
बाबा बराच वेळ दाराशी टेकवलेल्या फावड्याकडे बघत राहिले.
"लिही, सकाळी माझ्याआधी कुणीतरी उठलेलं असावं म्हणून."
त्याला चौकोन नव्हता.
मी प्रदर्शनावर फुली मारली,
आईच्या अंत्यविधीलाही
शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या नावापुढे.

मग नववं कलम:
कुंपण बंद करण्यापूर्वी
आतली सर्व वन्य हरणं बाहेर काढावीत.
ती राज्याच्या मालकीची आहेत.

बाबांनी ते दोनदा वाचायला लावलं.
चाळीस वर्षं ती आमच्या सफरचंदांवर पोसली,
हिवाळ्यात आम्ही त्यांच्यावर,
आणि या सगळ्या देण्याघेण्यात
राज्य एकदाही जेवायला आलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी शेजारी जमले.
वाइनो हुल्को पत्र्याचं घमेलं घेऊन,
एल्साच्या हातात तिच्या नवऱ्याचा भोंगा,
आणि हुल्कोंची पोरं, ज्यांना फक्त ओरडायचं होतं.
हाकारा नेहमी बंदुकीकडे नेतो.
हा पहिलाच, मोकळ्या बाजूकडे नेणारा.
सात गेली, शेपट्यांचं पांढरं उचलून,
जाळीच्या उघड्या टोकातून.

ब्रिसबॉय बाई तपासणीला आल्या होत्या.
त्यांनी विचारलं, "आत किती?"
दलदलीत एक मादी होती. सगळ्यांनी पाहिली होती.
तीनदा रांग फिरली, तीनदा ती रांगेतूनच मागे सटकली.
"उद्या या," बाबा म्हणाले,
सगळ्यांना घरी पाठवलं,
आणि त्या उघड्या टोकाशी बादली पालथी घालून बसले.

रात्री बर्फ पडलं.
सकाळी तिच्या खुरांची एक ओळ बाहेर गेलेली,
बादलीपासून दोन हातांवर थबकलेली,
तिथलं बर्फ जरा जास्त तुडवलेलं.
"झोप लागली होती का तुम्हाला?"
"अर्जात विचारलंय?"

ब्रिसबॉय बाईंनी शून्य लिहिलं. बाबांनी सही केली.

मेमध्ये ट्रक आला. सहा हरणं, पिवळे बिल्ले,
बाबांनी आकडे पाठ केले, नावं ठेवली नाहीत.
आणि जूनपासून बाहेरच्या बाजूला
कुंपणाला धरून एक पायवाट उमटू लागली.
कोण चालतं ते आम्ही बोललो नाही.
नोंदवहीत कुंपणाबाहेरचा रकाना नाही.

रोग पसरतो. नाकाला नाक लागू नये
म्हणून आतून दुसरी जाळी घाला, असं पत्र आलं.
बाबांनी कुरकुर न करता घातली,
एकशे तीस खांब, स्वतःच्या पाठीवर.

आता दोन जाळ्यांमधे तीन फुटांचा पट्टा आहे.
तिथलं गवत आतल्यांना पोहोचत नाही, बाहेरच्यांनाही नाही,
कमरेएवढं वाढलंय.
वाइनो म्हणतो, काप, नाहीतर आग लागेल.
बाबा विळा घेऊन जातात, पट्ट्याभोवती फेरी मारतात,
आणि तसेच परत येतात.
ते गवत कुणाचं,
मी अठ्ठावीस पानं पुन्हा चाळली.